ओतूरचे लग्न आणि निर्मीकाचा प्रश्न

जुन्नर तालुक्यातील ओतूर हे मांडवी नदीकाठचे जुने गाव. तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आणि कपर्दिकेश्वराचे देवालय यांमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात हेच गाव आणखी एका कारणाने गाजले. तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचे लग्नकार्य ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता सत्यशोधक पद्धतीने पार पाडले. गावजोशी न्यायालयात गेले. विधी त्यांनी केले नसले तरी वतनाने आलेला दक्षिणेचा हक्क बुडाला, अशी त्यांची तक्रार होती. वरवर पाहता वाद थोड्या पैशांचा होता. मात्र त्याच्या तळाशी फार जुना प्रश्न दडलेला होता. माणूस जन्माला आला तो कसा? सर्व माणसांची उत्पत्ती एकच की वेगवेगळी? कुणी मुखातून आणि कुणी पायातून जन्मला असेल, तर एकाने मंत्र म्हणावेत आणि दुसऱ्याने दक्षिणा द्यावी हे ओघानेच येते. सर्वांचा निर्माता एक आणि सर्वांचा जन्म एकाच रीतीने होत असेल, तर मात्र मधला अडत्या लागतोच कशाला?

ओतूरच्या पाटलांच्या पाठीशी उभे राहिलेले जोतीराव गोविंदराव फुले आयुष्यभर या प्रश्नाशी झुंजले. त्यांच्या शाळा, हौद आणि आसूड आपल्या परिचयाचे आहेत. पण या साऱ्या कार्याच्या मुळाशी सृष्टीच्या आणि मानवाच्या उत्पत्तीविषयीचा एक सलग विचार होता आणि त्याची पहिली ठिणगी पुण्यातील एका ख्रिस्ती शाळेत पडली होती, ही गोष्ट तुलनेने कमी बोलली जाते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ गाव साताऱ्याकडील कटगुण. पुढे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आणि तेथून पुण्यास आले. मूळचे गोऱ्हे हे आडनाव फुलांच्या व्यवसायामुळे फुले झाले. आई चिमणाबाई जोतीराव वर्षाचे होण्याच्या सुमारास वारल्या. त्यांचा सांभाळ सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बाईंनी केला. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी काम करीत. इंग्रजी शिक्षणाविषयी आणि मिशनऱ्यांच्या सेवाभावाविषयीची पहिली ओळख या बालकाला त्यांच्याकडून झाली. प्राथमिक शिक्षणानंतर शाळा सुटली आणि जोतीराव मळ्यात कामाला लागले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. ही शाळा स्कॉटिश मिशनची होती. तेथील शिक्षण त्यांनी १८४७ साली पूर्ण केले. तत्पूर्वी १८४० मध्ये त्यांचा विवाह नायगावच्या सावित्रीबाईंशी झाला होता.

त्या काळचे मिशन हायस्कूल म्हणजे केवळ इंग्रजी व गणित शिकविणारी संस्था नव्हती. बायबलचा अभ्यास शिक्षणाचा अविभाज्य भाग होता आणि बायबलची सुरुवातच मुळी विश्वाच्या उत्पत्तीने होते. एकच परमेश्वर, त्याने निर्माण केलेला प्रकाश, पाणी, वनस्पती, प्राणी आणि शेवटी मानव. एका आदिम जोडप्यापासून विस्तारलेली सारी माणसे. जातींच्या उतरंडीत वाढलेल्या मुलांपुढे ही कथा ठेवली जात होती. त्यातील सहा दिवसांच्या हिशेबापेक्षा तिच्यातून निघणारा एक निष्कर्ष अधिक स्फोटक होता. पहिला माणूस ब्राह्मणही नव्हता आणि शूद्रही नव्हता.

हा वाद तेव्हा केवळ वर्गापुरता नव्हता. मुंबईत १८३० च्या सुमारास रेव्हरंड जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात हिंदू व ख्रिस्ती धर्मांविषयी जाहीर वाद झाले होते आणि त्यातून दोन्ही बाजूंची पुस्तके निघाली होती. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले वादविवाद ऐकण्यास गर्दी लोटत असे. जुन्नरसारख्या आडवळणी भागातही चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला होते. ईश्वराने सृष्टी कशी घडविली, त्याने अवतार घेतले की नाही, पुराण खरे की बायबल, हे प्रश्न अशा रीतीने मराठी माणसाच्या दारात येऊन उभे राहिले होते. सुशिक्षित तरुणांपुढे तेव्हा सामान्यतः दोन वाटा दिसत. एक म्हणजे जुन्याचे समर्थन करणे, दुसरी म्हणजे बाप्तिस्मा घेणे. जोतीरावांचे स्नेही बाबा पदमनजी यांनी १८५४ साली दुसरी वाट धरली. जोतीरावांनी तिसरी शोधली.

या तिसऱ्या वाटेवर त्यांना नेणारा ग्रंथ मिशनऱ्यांचा नव्हता. १८४७ च्या सुमारास जोतीराव आणि त्यांचे मित्र यांच्या वाचनात थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लिहिलेल्या या ग्रंथात पेन यांनी एक साधा पण मर्मभेदी युक्तिवाद केला आहे. माणसाच्या हक्कांचा उगम शोधताना लोक शंभर किंवा हजार वर्षे मागे जातात आणि कुठल्या तरी राजाच्या सनदेपाशी थांबतात. थांबायचे कशासाठी? थेट माणूस निर्मात्याच्या हातून निघाला त्या क्षणापर्यंत मागे जावे. तेथे त्याला माणूस याखेरीज दुसरी पदवी नव्हती. बायबलमधील उत्पत्तिकथेला कुणी ईश्वरी मानो अथवा केवळ इतिहास मानो, तिच्यातही माणसामाणसांत भेद सांगितलेला नाही, याकडे पेन लक्ष वेधतात. स्वतः पेन चर्चचे अनुयायी नव्हते. निर्माता मानावा पण निर्मात्याच्या नावाने चालणारी पुरोहितशाही मानू नये, ही त्यांची भूमिका होती. मिशन शाळेत मिळालेला एक निर्माता आणि पेन यांच्याकडून मिळालेली पुरोहिताविषयीची चिकित्सा या दोन गोष्टींची सांगड जोतीरावांच्या मनात पडली.

एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून घेतलेली प्रेरणा आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सुरू केलेली मुलींची शाळा हा इतिहास सर्वश्रुत आहे. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकनिंदेच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला १८४९ साली घराबाहेर काढले. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा जाहीर गौरव केला. या सर्व काळात त्यांना स्कॉटिश मिशनच्या मंडळींचे साहाय्य होते आणि त्यामुळेच जोतीराव आता ख्रिस्ती होणार, किंबहुना ते झालेच आहेत, अशी कुजबुज पुण्यात सतत चालू असे.

या काळातील त्यांची मनोभूमिका १८५५ साली लिहिलेल्या तृतीय रत्न या नाटकातून स्पष्ट होते. कथानक अगदी साधे आहे. कुणब्याची बायको गरोदर असते. जोशी येतो, ग्रह वाईट असल्याचे सांगून पोटातील बाळाविषयी भीती घालतो आणि अनुष्ठानाच्या निमित्ताने त्या गरीब जोडप्याला कर्जात बुडवतो. पुढे एक पाद्री भेटतो आणि त्यांच्याशी वाद घालून त्यांचे डोळे उघडतो. परंतु नाटकाचा शेवट चर्चच्या दारात होत नाही. नवरा-बायको प्रौढांच्या रात्रशाळेत जायचे ठरवितात. येथे जोतीरावांचे वेगळेपण दिसते. पाद्री प्रश्न विचारायला शिकवितो, उत्तर मात्र शिक्षणातून ज्याचे त्याने शोधायचे आहे. शिवाय, शोषणाची सुरुवात कुठून होते हेही त्यांनी नेमके हेरले आहे. जीव अजून जन्मालाही आलेला नाही, तोच त्याच्यावर दक्षिणेचा बोजा चढलेला आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापील स्वरूपात वाचकांसमोर येण्यास पुढे शंभरावर वर्षे जावी लागली.

१८६९ मध्ये जोतीरावांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या राजाला त्यांनी कुळवाडी भूषण म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांचे भूषण म्हणून गौरविले. राजाच्या थोरवीचे श्रेय दैवी अंशाला न देता त्याच्या कर्तृत्वाला आणि मातेच्या शिकवणीला देणारी ही मांडणी होती. अवतारकल्पनेला त्यांनी दिलेला हा एक प्रकारे पहिला नकार होता. पूर्ण नकार चार वर्षांनी आला.

युरोपात डार्विन यांचा प्रजातींच्या उगमावरील ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला होता आणि मानवाच्या वंशावरील १८७१ साली. सजीव आपोआप क्रमाक्रमाने बदलत गेले की परमेश्वराने ते एकेक घडविले, या वादाने इंग्लंडमधील चर्च ढवळून निघाले होते. महाराष्ट्रात याच सुमारास, १८७३ साली गुलामगिरी प्रसिद्ध झाले. त्याचा विषयही उत्पत्तीचाच होता, मात्र वादाचे स्वरूप सर्वस्वी निराळे होते. अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केलेले हे पुस्तक जोतीराव आणि धोंडिबा यांच्यातील संवादाच्या रूपाने लिहिलेले आहे. आरंभीच प्रश्न येतो तो ब्रह्मदेवापासून झालेल्या चार वर्णांच्या जन्माचा. मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र जन्मले असतील, तर ज्या ज्या अवयवाने जन्म दिला त्या प्रत्येकाला गर्भधारणेची आणि प्रसूतीची साधने असायला हवीत, असा त्यांचा रोखठोक तर्क आहे. मत्स्यावताराच्या प्रकरणात तर ते एखाद्या निसर्गशास्त्रज्ञाप्रमाणे मासा आणि माणूस यांची तुलना करतात. दोघांची शरीररचना वेगळी, आहार वेगळा, झोप वेगळी, प्रजननाची रीत वेगळी. मग एकाच्या पोटी दुसरा जन्मला कसा?

या युक्तिवादावर मिशनऱ्यांच्या पुराणचिकित्सेची छाप उघड आहे. जोतीरावांनी येशू ख्रिस्ताचा गौरवही मुक्तकंठाने केला. वामनाने पाताळात घातलेल्या बळीराजाची मराठी शेतकऱ्याला आजही आठवण येते. दीनांचा कैवारी ख्रिस्त त्यांना त्या बळीराजाच्याच परंपरेतील वाटला. येशूला शेतकऱ्याच्या बळीशी जोडणारी ही दृष्टी कोणत्याही चर्चने शिकविलेली नव्हती. ती पूर्णपणे त्यांची आणि पूर्णपणे मराठी होती. पुराणांतील अवतारांना आर्यांच्या स्वाऱ्यांचे टप्पे मानून त्यांनी त्याच पुस्तकात जो इतिहास रचला, तो आजच्या इतिहास-संशोधनाच्या कसोटीवर जसाच्या तसा टिकत नाही. त्यांनी लावलेल्या अनेक शब्दव्युत्पत्त्याही भाषाशास्त्राला मान्य नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या भाषेची आणि विद्वत्तेची यथेच्छ टिंगल केली. परंतु टीकाकारांना व्याकरणाच्या चुका दाखविता आल्या तरी मूळ प्रश्न निरुत्तरच राहिला. सर्व माणसे आईच्या उदरातून एकाच रीतीने जन्माला येत असतील, तर जन्माने कुणी श्रेष्ठ ठरतो कसा?

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. निर्मिक एक आहे, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत आणि आई-बापाला भेटण्यास जसा मध्यस्थ लागत नाही तसा निर्मिकाच्या भक्तीलाही भट वा दलाल लागत नाही, या श्रद्धेवर समाजाची उभारणी झाली. निर्मिक हा शब्दही विचारपूर्वक निवडलेला होता. ईश्वर, ब्रह्म, देव या प्रचलित शब्दांना शतकानुशतकांच्या कथा चिकटलेल्या होत्या, तर मिशनऱ्यांच्या शब्दांना चर्चचा वास होता. निर्माण करणारा एवढाच अर्थ सांगणारा हा कोरा शब्द कुणाच्याही मालकीचा नव्हता.

तत्त्व व्यवहारात आणण्याची पहिली कसोटी होती लग्न. त्याच वर्षी डिसेंबरात समाजाच्या रीतीने पहिला विवाह झाला. पुढील वर्षी मे महिन्यात हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांचा विवाह विरोधाला तोंड देत पार पडला. शहरातील ही चळवळ पुणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचली तेव्हा तिला खरा अडथळा भेटला तो वतनाचा.

जुन्नर आणि त्याला लागून असलेला आंबेगावचा मुलूख म्हणजे कुकडी, मांडवी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळ्यांच्या वस्त्या, पूर्वेला कुणब्यांची शेतीभाती. येथील गावगाड्यातही, देशावर सर्वत्र होते त्याप्रमाणे, जोशीपणाचे वतन वंशपरंपरेने चालत आले होते. पंचांग पाहून मुहूर्त काढणे, लग्न लावणे, बारशापासून श्राद्धापर्यंत विधी सांगणे हे त्याचे काम आणि त्याबद्दलची दक्षिणा हा त्याचा हक्क. इंग्रजी न्यायालयांनी हे वतन एखाद्या मिळकतीप्रमाणे मानले होते. त्यामुळे यजमानाने दुसऱ्याच कुणाकडून विधी करून घेतला तरी वतनदार आपला हक्क वसूल करण्यासाठी दावा लावू शकत असे. अर्थात, शेतकऱ्याची श्रद्धा बदलली तरी त्याचे देणे संपत नव्हते.

या मुलखात दक्षिणेचा इतिहासही दगडावर कोरलेला आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्या प्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व हजारो कार्षापण यांची मोजदाद त्यात आढळते. त्याच तालुक्यात लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडीच्या डोंगरांत यज्ञ नाकारणाऱ्या बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. पुरोहित असावा की नसावा हा वाद जुन्नरला नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात तो शेतकऱ्याच्या मांडवात आला, एवढेच.

ओतूरच्या प्रकरणाचे महत्त्व यासाठी समजून घ्यायला हवे. पाटील हा गावाचा मानकरी. त्याने जोशाविना लग्न केले तर साऱ्या पंचक्रोशीला उदाहरण मिळणार होते, म्हणून विरोधही कडवा झाला. त्याच सुमारास, १८८४-८५ च्या आगेमागे, जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जाचक अटींना कंटाळून त्यांच्या जमिनी कसण्याचे नाकारल्याचीही नोंद आहे. धर्माचा बोजा आणि कर्जाचा बोजा हे एकाच दोरखंडाचे दोन पेड आहेत, हे जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड या १८८३ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडले होते. कुणबी जन्मल्यापासून मरेपर्यंत किती निमित्तांनी लुबाडला जातो याचा त्यात हिशेबच आहे. जुन्नरचा शेतकरी तो हिशेब आता प्रत्यक्ष मांडू लागला होता.

खेड्यांतील सत्यशोधकांची एक व्यावहारिक अडचण होती. जोशी नको, पण मग लग्न लावायचे कसे? जून १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींची पुस्तिका प्रसिद्ध केली. साध्या मराठीतील हे विधी कुणालाही वाचता येण्यासारखे होते. त्यातील मंगलाष्टकांत वधू पुरुषजातीच्या जुलमाविषयी बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांचा आग्रह धरते. वर तिला तसे वचन देतो. निर्मिकापुढे दोघेही सारखे, हे तत्त्व मांडवात सर्वांसमक्ष उच्चारले जाऊ लागले. सृष्टीच्या उत्पत्तीविषयीचा एक अमूर्त विचार असा हळदीच्या अंगाने घरात शिरला.

दरम्यान धर्मांतराचा प्रश्न पुन्हा पेटला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. जोतीरावांनी १८८५ मध्ये काढलेल्या सत्सार या पुस्तिकांतून रमाबाईंच्या निर्णयस्वातंत्र्याची बाजू घेतली. स्वतः मात्र ते ख्रिस्ती झाले नाहीत. हा दुटप्पीपणा नव्हता. त्याचे उत्तर त्यांच्या अखेरच्या ग्रंथात मिळते.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. साठी उलटलेल्या जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहावयास घेतले. १ एप्रिल १८८९ रोजी ते पूर्ण झाले. प्रश्नोत्तरांच्या रूपातील या पुस्तकात निर्मिक, धर्मपुस्तक, स्वर्ग, पाप, पुण्य, जातिभेद, स्त्री आणि पुरुष अशा एकेका विषयाचा परामर्श आहे.

सृष्टी कुणी निर्माण केली, याचे त्यांचे उत्तर ठाम आहे. निर्मिकाने. पण कशी, किती दिवसांत, कोणत्या क्रमाने, याची कथा ते सांगत नाहीत. अनंत पोकळीत असंख्य सूर्यमंडळे पसरलेली आहेत आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या या विस्तारात निर्मिकाचा ठावठिकाणा शोधत धावणे व्यर्थ आहे, असे ते नम्रपणे मान्य करतात. पुराणाने ब्रह्मदेवाचे कमळ सांगितले, बायबलने एदेनची बाग सांगितली. जोतीरावांनी कथेची जागा रिकामीच ठेवली. कोणत्याही एका धर्मपुस्तकात संपूर्ण सत्य नाही, कारण ती सारी माणसांनी आपापल्या काळात लिहिलेली आहेत, असे त्यांचे मत होते. ज्या निर्मिकाने सर्वांसाठी एकच सूर्य ठेवला, तो एकाच लोकसमूहाच्या हाती आपले पुस्तक देऊन इतरांना अंधारात कसा ठेवील? चर्चच्या दारात त्यांची पावले थबकली ती या प्रश्नापाशी.

मात्र जे नक्की माहीत आहे त्यावर ते ठाम राहिले. पशूंत आणि पक्ष्यांत निरनिराळ्या जाती दिसतात, माणसांत तसा भेद निसर्गाने केलेला नाही. जन्माचे जे रहस्य माणसाला प्रत्यक्ष पाहता येते ते मातेच्या ठायी आहे. ती नऊ महिने भार वाहते, जन्म देते, पाजते, वाढवते. म्हणून स्त्री पुरुषापेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका कुटुंबात आईने बौद्ध धर्म स्वीकारावा, वडिलांनी ख्रिस्ती, मुलीने इस्लाम आणि मुलाने सत्यधर्म, तरी सर्वांनी एकमेकांवर प्रेम करीत नांदावे, ही त्यांची कल्पना आजही धाडसी वाटते. उत्पत्तीविषयी एकमत होण्याची वाट पाहण्याची त्यांना गरज वाटली नाही. एका घरात राहण्यास समतेविषयीचे एकमत पुरेसे होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून वाद निघाला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन ते हाती घेतले. जो मान पुत्राचा किंवा पुरुष नातलगाचा समजला जाई तो पत्नीने घेतला आणि पतीच्या अखेरच्या पुस्तकातील एक प्रकरण न बोलता वाचून दाखविले. ते पुस्तक पुढील वर्षी त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले.

गावजोशांचे दावे त्यानंतरही अनेक वर्षे न्यायालयांत चालत राहिले. न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा देण्याच्या सक्तीतून मुंबई इलाख्यातील लोकांना कायद्याने सोडविले ते १९२६ साली. ओतूरच्या मांडवातील प्रश्नाला उत्तर मिळण्यास चार दशके लागली.

जीव पहिल्यांदा कसा निर्माण झाला, हे विज्ञान अद्याप शोधत आहे. माणसापुरते मात्र आज बरेच काही स्पष्ट झाले आहे. पृथ्वीवरील सर्व मानव एकाच जातीचे असून त्यांच्या पूर्वजांची मुळे आफ्रिकेत आहेत, असे जनुकशास्त्र आणि जीवाश्म सांगतात. जुन्नर तालुक्यातच बोरी येथे कुकडीच्या काठी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत सापडली आहेत. त्या राखेच्या वयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ती हत्यारे घडविणारे हात कोणत्या वर्णाचे होते, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, कारण तो निरर्थक आहे हे आपण जाणतो. जोतीरावांना ना जनुके ठाऊक होती, ना बोरीची हत्यारे. मिशन शाळेतील एक कथा, पेन यांचे एक पुस्तक आणि आईच्या कुशीतून होणारा प्रत्येक माणसाचा जन्म एवढीच साधने त्यांच्यापाशी होती. तेवढ्यावर त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो ओतूरच्या एका पाटलाला घरचे लग्न आपल्या हाताने लावण्याचे धैर्य देण्यास पुरेसा ठरला.